फौजीला साखर कशी होते? नोकरीचा ताण, तुटलेली झोप आणि 'कॅटेगरी'

यवतेश्वर (धागाकर्ता)

फौजी म्हटलं की ताठ कणा आणि सपाट पोट हेच डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे पस्तिशी-चाळिशीतल्या हवालदाराला बीपी किंवा साखर निघाली की घरच्यांचा विश्वासच बसत नाही. 'रोज पहाटे पळणाऱ्या माणसाला साखर कशी होईल?' हा प्रश्न मला कितीतरी बायकांनी, आईबापांनी विचारलाय. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. निम्मी नोकरी पलटणींच्या एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या छोट्या दवाखान्यात झाली, उरलेली मिलिटरी हॉस्पिटलांत. आता साताऱ्यात असतो. आमच्याकडे घरटी फौजी असलेली गावं आहेत, अपशिंग्याला तर सगळे मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. त्यामुळे पेन्शन सुरू झाली तरी हा विषय माझ्यामागून सुटलेला नाही.

मला सांगायचंय ते एवढंच, की जवानाला हे आजार झाले की आपण त्याच्या ताटाकडे आणि ग्लासाकडे बोट दाखवतो, त्याच्या ड्यूटीच्या तक्त्याकडे कुणी बघत नाही. रात्री तो कितीदा उठला, सलग झोप शेवटची कधी मिळाली, घरून कसले फोन येतात, सुट्टीचा अर्ज कुठे अडकलाय, यातलं काहीच कागदावर येत नाही. कागदावर येतं ते वजन, बीपी आणि साखर. ते आकडे वाढले की कॅटेगरी लागते, आणि कॅटेगरी म्हणजे जवानाच्या लेखी शिक्षाच. म्हणून तो आकडे लपवायला शिकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फौजेत तब्येतीची प्रतवारी 'शेप' पद्धतीने होते. मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे या पाच गोष्टींना १ ते ५ असे अंक. सगळीकडे १ असेल तर माणूस 'शेप वन'. बीपी, साखर, वजन बिघडलं की शारीरिक क्षमतेचा अंक घसरतो आणि माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो. मग कोर्स, बढती, पोस्टिंग सगळ्यालाच धक्का बसतो.

वार्षिक मेडिकलच्या दिवसांत एमआय रूमबाहेरच्या बाकावर जवान रांगेत बसलेले असायचे. एक नाईक मला चांगला आठवतो. शर्टाची बाही वर करून बसला होता. पट्टा बांधला, पारा चढवला, खाली सोडताना १५० च्या वरच ठोके ऐकू यायला लागले, म्हणजे बीपी वाढलेलं. म्हणाला, 'उस्ताद, ज़रा रुक के लो.' मी थांबलो. पाच मिनिटं डोळे मिटून बसला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. त्याने काढून बघितला, उचलला नाही, परत ठेवला. पुन्हा घेतलं तर आधीपेक्षा वर. मागाहून कळलं, गावी बांधावरून भावकीत मारामारी झाली होती आणि याला सुट्टी मिळत नव्हती. आठवडाभर मीठ सोडलं होतं, शिवाय बाहेरच्या केमिस्टकडून गोळ्या घेऊन गुपचूप खात होता. असे कितीतरी.

इथे फौजेतले, नेव्हीतले आणि त्यांच्या घरचे बरेच जण आहेत, डॉक्टरही आहेत. जे पाहिलंय, भोगलंय ते लिहा. युनिटचं नाव, ठिकाण लिहू नका.

सह्याद्री_७७

नमस्कार. मीही पलटणीतूनच रिटायर झालो, इन्फंट्री. तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, मला हे पूर्ण पटत नाही. ताण फौजेत पहिल्यापासून आहे. ट्रेनिंग सेंटरला उस्ताद रगडतो ते त्यासाठीच. आमच्या आधीच्या लोकांनी १९६५ आणि १९७१ पाहिलं, त्यांना कुठे साखर होती?

खरं कारण लंगरात, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात, आणि कॅन्टीनमध्ये आहे. सकाळी पुरी-सब्जी, दिवसभर मोठे मग भरून गोड चहा, बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या मेजवानीला तर विचारूच नका. त्यात रमचा कोटा. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर आला की माणूस सुटतो. पीटीला दांडी मारायला रोज नवी सबब. शिस्त सुटली की पोट सुटतं. तिथे ताणाचं नाव पुढे केलं तर जवान स्वतःची जबाबदारी झटकेल, ही माझी भीती आहे.

यवतेश्वर (धागाकर्ता)

साहेब, रम आणि पुऱ्यांबद्दल तुमच्याशी वाद नाही. तेल, साखर, दारू यांनी नुकसान होतंच. पण एकाच लंगरात जेवणाऱ्या, एकाच पीटीला पळणाऱ्या दोघांपैकी एकालाच बीपी का निघतं? मी पाहिलेल्यांत क्लार्क, स्टोअरमन, क्वार्टर गार्डवर सारखे लागणारे, ड्रायव्हर आणि नव्याने नायब सुभेदार झालेले यांचं प्रमाण मला जास्त जाणवलं. ही काही पाहणी नव्हे, माझ्या रजिस्टरवरून झालेला समज आहे. नायब सुभेदाराचं बघा ना. वरून साहेबांचा दट्ट्या, खालून जवानांच्या अडचणी, आणि निर्णय दोन्हीकडचा त्याच्या हातात नाही.

६५-७१ च्या लोकांचं म्हणाल, तर तेव्हा पलटणीत साखर तपासत होतंच कोण? लघवीत साखर उतरली तरच कळायचं. शिवाय त्यातले पुष्कळ पुढे पासष्टीत पक्षाघाताने नाहीतर हार्टने गेले, ते आपण म्हातारपणाच्या खात्यावर टाकलं.

आणि ताण म्हणजे गोळीबार एवढंच नव्हे. चकमकीत शरीर जे करतं ते बरोबरच करतं. त्रास होतो तो न संपणाऱ्या ताणाने.

डॉ_पौडरोड

यवतेश्वरांनी विषय काढला ते बरं झालं. मी फौजेत नाही, पुण्यात मधुमेहाचं काम करतो आणि रुग्णांत माजी सैनिक भरपूर असतात. शरीरात काय होतं ते लिहितो.

धोका दिसला की मेंदूतून निघालेला संदेश मज्जातंतूंमार्गे आणि पिट्युटरी ग्रंथीमार्गे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत जातो. अ‍ॅड्रेनलीन लगेच सुटतं, कॉर्टिसॉल मागाहून येतं आणि जास्त वेळ रेंगाळतं. कॉर्टिसॉलचं काम इंधन पुरवण्याचं: यकृताला साखर बनवून रक्तात सोडायला लावायचं आणि इन्सुलिनचा जोर कमी करायचा. पळायचं किंवा लढायचं असेल तर ती साखर स्नायू वापरून टाकतात. पण माणूस खुर्चीवर बसून साहेबांची बोलणी खात असेल, किंवा मोर्चात (खंदकात) रात्रभर काही न घडण्याची वाट बघत असेल, तर ती साखर जाणार कुठे? इन्सुलिन वाढतं, आणि रोज असंच होत राहिलं की चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते. पोटातल्या चरबीला कॉर्टिसॉल जास्त लागू पडतं. हीच चरबी पुढे इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणजे चक्र सुरू.

झोपेचं तर प्रयोगानेच दाखवलंय. १९९९ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री रोज फक्त चार तास झोपू दिलं. एवढ्यानेच त्यांच्या रक्तातली साखर उतरण्याचा वेग मंदावला आणि संध्याकाळी खाली यायला हवं ते कॉर्टिसॉल चढंच राहिलं. सहा रात्रींत हे! गार्ड ड्यूटी, स्टँड-टू (हत्यार घेऊन सज्ज राहणं), पहाटेची पीटी असं वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसाचं काय होत असेल याचा विचार करा.

सह्याद्रींच्या जबाबदारीच्या मुद्द्यावर: लंडनच्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास प्रसिद्ध आहे. दहा हजारांवर माणसं, पाठपुरावा सुमारे १४ वर्षांचा. २००६ मध्ये छापलेल्या निष्कर्षात, ज्यांना कामाचा ताण वारंवार आणि सतत होता त्यांच्यात मेटाबॉलिक सिंड्रोमची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. तिथे रमचा कोटा नव्हता. काम भरपूर आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, वर कामाच्या ठिकाणी आधार नाही, हेच ताणाचं स्वरूप होतं.

मेटाबॉलिक सिंड्रोम कशाला म्हणायचं तेही लिहून ठेवतो, कारण प्रत्येकाला घरी अर्धंअधिक तपासता येतं. पाचांपैकी तीन गोष्टी असल्या की झालं: भारतीय पुरुषात कंबरेचा घेर ९० सेंमी किंवा जास्त (बायकांत ८०), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषात ४० च्या खाली (बायकांत ५०), बीपी १३०/८५ किंवा जास्त, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. टेप पँटच्या पट्ट्यावर धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडून.

मालवणी_खलाशी

मी नेव्हीत होतो, इंजिनरूमचा माणूस. इन्फंट्रीवाल्यांना निदान पळायला मैदान असतं. जहाजावर वॉच चालतात, चार-चार तासांच्या. रात्री बारा ते पहाटे चार हा मिडल वॉच, चार ते आठ मॉर्निंग. संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे पाडतात, डॉग वॉच म्हणतात त्यांना, म्हणजे रोज त्याच माणसाच्या वाट्याला तोच वॉच येऊ नये. न्याय म्हणून चांगली पद्धत आहे, पण शरीराला रोज वेगळ्या वेळी झोपवायचं आणि उठवायचं असा त्याचा अर्थ. मिडल वॉच संपवून वर आलास की भूक लागते, आणि पहाटे चारला हाताशी काय असतं? पाव, बिस्किटं, गोड चहा. मग बंकवर आडवं व्हायचं. डोक्यावर पाइपांचा आवाज, दोन तासांत पुन्हा पुकारा.

समुद्रावर मी बरा असायचो हे मात्र खरं. काम, वॉच, झोप, एवढंच जग. बंदरात आलो की छातीत धडधड. रिफिट (जहाजाची मोठी दुरुस्ती) चालू असताना इन्स्पेक्शनच्या तारखा, कागद, एका स्पेअरसाठी चार सह्या. यवतेश्वर म्हणतायत ते मला इथे पटतं. नेव्हीच्या अश्विनी हॉस्पिटलात दाखल झालो तेव्हा ४१ वर्षांचा होतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो 'किती पिता?' मी पीत नाही.

अनघा_बेळगाव

माझे मिस्टर अजून नोकरीत आहेत म्हणून जपून लिहिते. दोन फिल्डच्या, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगच्या मध्ये एक पीस मिळते, तेवढाच काय तो संसार. बाकी मी मुलांना घेऊन इथे, ते तिकडे.

लोकांना वाटतं ताण जवानाला असतो आणि घरचे आरामात. आमच्याकडे सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी मिस्टरांना मुद्दाम सांगायचे नाही. त्यांना कुठूनतरी कळायचंच. मग ते रात्री दोन वाजता फोन करायचे, कारण नेटवर्क तेव्हाच मिळायचं. म्हणजे त्यांची झोप गेली, माझीही गेली. वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस कॅज्युअल कागदावर आहे, पण हवी त्या दिवशी मिळत नाही. ते येईपर्यंत क्रियाकर्म होऊन गेलेलं असतं.

सुट्टीवर आले की पहिले चार-पाच दिवस ते झोपतच नाहीत. दारावर नुसती टकटक झाली की उठून उभे. आणि खाणं... इतक्या वेगाने जेवतात की मी भाकरी टाकेपर्यंत आधीची संपलेली असते. मोठा मुलगा परवा त्यांना म्हणाला, 'पप्पा, कुणी घेऊन जाणार नाहीये.' मला काही बोलवेना.

गेल्या मेडिकलला ट्रायग्लिसराइड वाढलेले आले. त्यांना सांगितलं 'वजन कमी करा.' बस. झोपेबद्दल एक शब्द कुणी विचारला नाही. सह्याद्री काका, तुम्ही वडीलधारे आहात, पण आमचे हे दारूला शिवत नाहीत, आणि पीटी कधी चुकवत नाहीत.

सह्याद्री_७७

अनघाताई, तुमच्या मिस्टरांबद्दल माझा काही आक्षेप नाही. तुमचं आणि खलाशीबुवांचं वाचून मी काल रात्री बराच विचार केला. घाईघाईने जेवायची सवय तर माझीही अजून गेलेली नाही.

तरी डॉक्टरांना एक विचारतो. ताणच जर मुळाशी असेल, तर सियाचीन किंवा काश्मीरमधून आलेल्या प्रत्येकाला हे व्हायला हवं. तसं होत नाही. सियाचीनला तर उलट वजन उतरतं, भूकच मरते. मग?

डॉ_पौडरोड

प्रश्न नेमका आहे. अमेरिकेत २००१ पासून 'मिलेनियम कोहोर्ट' नावाचा सैनिकांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात २०१० मध्ये मधुमेहाबद्दल जे छापलं ते तुमच्याच बाजूचं वाटेल: नुसतं युद्धभूमीवर जाऊन आल्याने मधुमेह वाढलेला दिसला नाही. पण ज्यांच्यात आघातानंतरच्या मानसिक ताणाची लक्षणं होती, म्हणजे दुःस्वप्नं, दचकून उठणं, सतत सावध राहणं, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता सुमारे दुप्पट निघाली. वय, वजन वगैरेचा हिशोब धरूनही. म्हणजे कुठे पोस्टिंग झाली यापेक्षा परत आल्यावर शरीर शांत झालं का, हे जास्त महत्त्वाचं. अनघाताईंनी टकटकीचं लिहिलंय ते मी म्हणूनच दोनदा वाचलं. त्यांनी मिस्टरांना याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलायला लावावं. हे मनाचं दुखणं मानून बाजूला ठेवण्यासारखं नाही.

सियाचीनचं वेगळं आहे. उंचीवर भूक जाते, थंडीत आणि विरळ हवेत शरीर जास्त जाळतं, त्यात स्नायूही झिजतात. खाली आल्यावर माणूस भरून काढायला खातो, आणि झिजलेल्या स्नायूच्या जागी परत स्नायूच येईल असं नसतं.

दुसरं, बीज. आपली बरीच पोरं सैन्यात जातात ती माण, खटाव, जत, आष्टी अशा दुष्काळी पट्ट्यांतून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी सुमारे २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं साडेतीन. पण आपली बाळं हाडकुळी असूनही त्यांच्या अंगात चरबी त्या मानाने टिकून होती. त्यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता: दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. भरतीच्या वेळी छाती फुगवून, दौड मारून निवडलेला पोरगा वजनाच्या तक्त्यात बसतो, पण हे बीज बरोबर घेऊन आलेला असतो. ताण आणि झोपमोड त्याला पाणी घालतात.

आणि पळण्याने फरक पडतो का? खूप पडतो. व्यायाम करताना स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात. म्हणूनच पस्तिशीपर्यंत बरंच काही झाकलेलं राहतं. बीपीईटी, म्हणजे फौजेची शारीरिक क्षमतेची चाचणी, पास होणारा माणूस आतून बरा असेलच असं नाही, पण बीपीईटीची तयारी थांबली की झाकलेलं उघडं पडतं.

सध्या_ड्यूटीवर

नवीन आयडी काढून लिहितोय. कुठे आहे ते विचारू नका.

नाईक आहे, हवालदारीच्या कॅडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला नाव आहे. दोन महिन्यांमागे सुट्टीवर असताना औषधाच्या दुकानातल्या मशीनवर सहज बीपी बघितलं, १४८/९६. दुसऱ्या दिवशी १४४/९४. इथे आल्यावर एमआय रूमला गेलो नाही. गेलो तर रजिस्टरला चढणार, मग मेडिकल बोर्ड, मग कॅडर गेलं. माझ्या बॅचचे दोघे पुढे जातील आणि मी त्यांना सलाम ठोकणार. घरी बापाला काय सांगू?

रात्री गार्ड संपवून आलो की झोप येत नाही. मोबाइल बघत बसतो. सिगारेट वाढलीय. हे सगळं चुकीचं आहे ते मला कळतं. सांगायचं कुणाला? सैनिक संमेलनात 'कुणाला काही अडचण?' असं विचारतात तेव्हा अख्खी पलटण समोर बसलेली असते.

यवतेश्वर (धागाकर्ता)

भावा, बरं झालं लिहिलंस. तुझ्यासाठी खाली सविस्तर लिहितो, आधी एक गोष्ट सगळ्यांना. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमधला एक अभ्यास बातम्यांत आला होता. सैन्यातले निम्म्याहून जास्त लोक तीव्र ताणाखाली दिसतात असं त्यात म्हटलं होतं, आणि ऑपरेशनबरोबरच रोजच्या नोकरीतल्या इतर ताणांनाही कारण धरलं होतं. लष्कराने पाहणी फार थोड्या लोकांची आहे म्हणून ते निष्कर्ष मानले नाहीत. आकड्यावरून भांडण होऊ दे. पण हा पोरगा जे लिहितोय ते कुठल्या पाहणीत येणारच नाही, कारण तो तिथे खरं उत्तर देणार नाही. ज्या पद्धतीत आजार सांगणाऱ्याचं नुकसान होतं तिथे आजार उशिरा सापडतो. पस्तिशीत एका गोळीवर आणि सहा महिन्यांच्या शिस्तीवर भागलं असतं, ते पंचेचाळिशीत पुण्याच्या कार्डिओ-थोरॅसिकला, म्हणजे फौजेच्या हृदयाच्या हॉस्पिटलला पोचतं.

फौजेला याची जाण नाही असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये पन्नासहून जास्त वर्षांनी रेशनमध्ये भरडधान्याचं पीठ परत आणलं. धान्याच्या हक्काच्या २५ टक्क्यांपर्यंत बाजरी, ज्वारी, नाचणी घेता येते. उत्तम निर्णय. आमच्या माणदेशी पोरांना तर बाजरीची भाकरी म्हणजे घरचंच. पण ताटात भाकरी आली आणि तक्त्यात झोप नाही आली तर अर्धंच काम झालं.

बार_रूम_नागपूर

पेन्शनच्या बाजूने थोडं लिहितो, मी सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे अशी प्रकरणं चालवतो.

वर्षानुवर्षं वाद एकाच गोष्टीवर असतो: आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला, की नाही? निवृत्तीच्या वेळचं रिलीज मेडिकल बोर्ड पुष्कळदा एका ओळीत लिहून मोकळं होतं, 'आजार झाला तेव्हा पीस स्टेशनला होता, सबब सेवेशी संबंध नाही.' हृदयविकार असेल तर आजारापूर्वीच्या १४ दिवसांत काय ड्यूटी केली याचा तक्ता मागवतात. चौदा दिवस! १८ वर्षांच्या नोकरीचा हिशोब पंधरवड्यात कसा मांडायचा?

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं, संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा, आणि सेवेशी संबंध नाही असं म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टाइप २ मधुमेहाच्या एका प्रकरणात पीस स्टेशनचं कारण एवढ्यावर पुरेसं मानलं नाही. दुसरीकडे २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. त्यांत अपंगत्वाच्या भागाचं नाव आणि रचना दोन्ही बदललं आहे, त्यामुळे निवृत्तीची तारीख बघूनच सल्ला घ्या.

'सध्या_ड्यूटीवर' यांना कायद्याच्या अंगाने सांगतो: लपवलेल्या आजाराची नोंद नसते. बाहेरच्या केमिस्टच्या गोळ्यांचा कागद पुढे कुठल्याच बोर्डापुढे चालत नाही. उद्या काही झालं तर तुमच्या बायकोच्या हातात एमआय रूमचं रजिस्टरच उपयोगी पडणार आहे.

चाकणचा_पोरगा

सगळ्यांना नमस्कार. वडील सुभेदार म्हणून रिटायर झाले, आता चाकणला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत, बहुतेक नाइटच. रिटायर झाल्यावर पळणं बंद, जेवण तेवढंच. ईसीएचएसला (माजी सैनिकांच्या दवाखान्यात) उपाशीपोटी साखर ११८ आली, कंबर ९८ सेंमी. ते म्हणतात 'मला काही होत नाही, बॉर्डरला उणे वीसमध्ये उभा राहिलोय.' काय करू? रागावून सांगितलं तर बोलणंच बंद करतात.

डॉ_पौडरोड

११८ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, १०० ते १२५ यात येते. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या. ५.७ ते ६.४ आली तर अजून हातात आहे, ६.५ किंवा वर गेली तर मधुमेह धरून उपचार सुरू. सोबत लिपिड, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. बीपी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी.

नाइट सोडवता येत नसेल तर निदान आठवड्या-आठवड्याला बदलती नको, ठरावीक ठेवायला सांगा. मुख्य जेवण ड्यूटीवर जायच्या आधी. रात्री बारा ते पाच काही खायचं नाही, लागलंच तर फुटाणे किंवा ताक. घरी आल्यावर खोली काळोखी करून सलग झोप, मध्ये कुणी उठवायचं नाही. पाहुणे आले तरी नाही. घोरतात का तेही बघा. घोरताना श्वास थांबत असेल तर ती वेगळी तपासणी लागते, त्यानेही बीपी आणि साखर दोन्ही वाढतात.

सह्याद्री_७७

चाकणच्या बाळा, वडिलांना रागावू नकोस. त्यांना टार्गेट दे. फौजीला 'काळजी घ्या' म्हटलं की ते कानावरून जातं, 'तीन महिन्यांत कंबर ९२' म्हटलं की तो तारीख लिहून ठेवतो. आणि त्यांना एकट्याला पाठवू नकोस, सकाळी तू बरोबर चाल. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो, त्यांच्याशी मी बोलेन. आम्ही आमच्या भाषेत बोलू. माझीही साखर या आठवड्यात तपासून घेतोय.

यवतेश्वर (धागाकर्ता)

सध्या_ड्यूटीवर, आता तुला.

पहिल्यांदा बीपी निघालं की सहसा थेट कायमची कॅटेगरी लागत नाही. तात्पुरती लागते, काही आठवडे देखरेखीखाली ठेवतात, मग पुन्हा बोर्ड होतो. वजन आणि सिगारेटमुळे वाढलेलं असेल तर त्या काळात पुष्कळांचं उतरलेलं मी पाहिलंय. तुझं उतरेलच असं वचन मी देऊ शकत नाही, आणि कॅडर पुढे ढकललं जाऊ शकतं हेही खरं आहे. पण १४८/९६ दोन वर्षं तसंच ठेवलं तर हवालदारीची फीत लावायला तू चांगल्या तब्येतीत असशील याची खात्री कुणीच देणार नाही.

सकाळच्या सिक रिपोर्टच्या, म्हणजे आजारी जवानांच्या गर्दीत जाऊ नकोस. दुपारी, एमआय रूम रिकामी असते तेव्हा जा. आरएमओ साहेबांना (पलटणीच्या डॉक्टरांना) एकट्याला भेटायचंय असं नर्सिंग असिस्टंटला सांग, तो सोय करतो. आम्ही करायचो. झोप येत नाही हेही सांग, फक्त बीपी सांगून येऊ नकोस. जायच्या आधी अर्धा तास सिगारेट आणि चहा नको, पाच मिनिटं पाठ टेकून बस, हात छातीच्या पातळीला. रीडिंग दोन्ही हातांवर घ्यायला सांग.

गेलास की इथे फक्त 'गेलो' एवढंच लिही.

सध्या_ड्यूटीवर

उस्ताद, आज दुपारी गेलो. साहेबांनी दार लावून घेतलं आणि बीपीच्या आधी झोपेचंच विचारलं. बीपीचं चोवीस तासांचं मशीन लावण्यासाठी हॉस्पिटलला पाठवतायत. कॅडरचं अजून काही बोलले नाहीत.